पुस्तकातला चौकोन आणि घरातला मोबाईल



चाकण-पिंपरी पट्ट्यात कारखानदारी वाढली, तशी आपल्या गावांतल्या शाळांत परप्रांतीय कामगारांची मुलेही आली. गुरुजी एक आणि वर्गात भाषा दोन-तीन. अशा गुरुजींच्या हाताशी एक फुकटचे साधन आहे, त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. मोबाईलवरील ‘दीक्षा’ ॲपने तो टिपला की त्या पाठाचे व्हिडिओ, सरावाचे प्रश्न समोर येतात. २०१७ साली केंद्र सरकारने दीक्षा सुरू केले. त्यात मराठीप्रमाणे हिंदीतही पाठ आहेत.

पुस्तकाला असे कोड जोडण्याचा प्रयोग उसाच्याच मुलखात झाला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो केला. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून टाकली! (आपल्यापैकी किती जणांना हे जमले असते?)

खरी अडचण वेगळीच. घरात मोबाईल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप उसाला पाणी द्यायला रानात. दीक्षावरचा पाठ एकदा उतरवून घेतला की पुढे रेंज लागत नाही. तेव्हा संध्याकाळी तासभर मोबाईल पोरांकडे द्यावा. तळावरच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांची पुस्तके गावी राहिली असतील, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर तीही फुकट मिळतात. गटातल्या कोणाकडे जुना पण चालू मोबाईल पडून असल्यास तो शाळेत नेऊन द्यावा.