वाळूचा हौद आणि खोलीभर कापूस

माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुमारास चोपड्यात घरोघरी कापूस येऊन पडे. आमची पुढची खोली तर छतापर्यंत भरलेली असे. आम्ही भावंडे माळ्यावरून त्यात उड्या मारायचो आणि आजीच्या शिव्या खायचो. शाळेत मात्र उंच उडीला वाळूचा हौद. दोन बांबू, मध्ये आडवी काठी. पावसाने घट्ट झालेल्या त्या वाळूत एकदा माझे मनगट मोडले आणि उडी कायमची सुटली.

आमचे सर हॅम्बुर्गच्या हान्स लीशेची गोष्ट फार रंगवून सांगत. १९१२ चे स्टॉकहोम ऑलिम्पिक. लीशे १.९१ मीटरपर्यंतची प्रत्येक उंची पहिल्याच प्रयत्नात ओलांडत आला होता. अमेरिकेचा अल्मा रिचर्ड्स धडपडत होता, पण १.९३ मारली ती त्यानेच. लीशेचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्याला तो धावणार, तोच कुठल्याशा शर्यतीचे पिस्तूल उडाले. पुन्हा सावरतो, तर बँड सुरू! काठी पडली, रौप्यपदक मिळाले. १९१६ चे ऑलिम्पिक त्याच्याच देशात, बर्लिनला व्हायचे होते; ते महायुद्धात बुडाले. १९२० आणि १९२४ ला जर्मनीला बोलावणेच नव्हते. एका दुपारीत मिळाले तेवढेच त्याचे.

लीशेच्या काळी सगळेच वाळूत उतरत. म्हणून पाय आधी टेकावे लागत. काठीवरून पाठ नेणारी उडी डिक फॉसबरीने १९६८ ला मेक्सिकोत गाजवली, ती खाली मऊ गादी आली म्हणून.

हे सगळे आठवले ते नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेमुळे. शेतकऱ्याचा मुलगा. गावात गादी कुठली? त्याचे शिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा भरून ती तयार केली. त्या भुशावर पाठ टाकायला शिकलेला सर्वेश २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकला गेला. तिथे पात्रता फेरीतच अडला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. २.२८ मीटर, सहावा क्रमांक. लीशेपेक्षा ३७ सेंटिमीटर वर!

मक्याचा भुसा! बातमी वाचून मी पेपर बाजूला ठेवला. आमच्या घरी खोलीभर कापूस होता, शाळा दोन गल्ल्यांपलीकडे होती. दोन पोती कापूस हौदात टाकावा, हे ना सरांना सुचले, ना मला. आजीने दिलाही नसता म्हणा.