पंचायतीतले पाच टक्के आणि आपल्या शाळेच्या दारातलं मूल



शाळाप्रवेशाचे दिवस आले की आपल्याच लोकांच्या तोंडून एक वाक्य ऐकू येतं. "आमच्या शाळेत अशा मुलांची सोय नाही हो." बोलणारे मुख्याध्यापक वाईट नसतात. वर्ग भरलेला, शिक्षिका एक, जिन्याला कठडासुद्धा धड नाही. त्यांची अडचण खरी आहे. पण ज्या मुलाला नीट चालता येत नाही, ऐकू कमी येतं किंवा ज्याची समज वयापेक्षा मागे आहे, त्याची आई हेच वाक्य तीन-चार दारांत ऐकते आणि मग मूल घरी बसतं. बेळगाव शहर असो की खानापूर तालुक्यातलं गाव, रविवारच्या उपासनेत ही मुलं आईच्या मांडीवर दिसतात. शाळेच्या हजेरीपटावर ती नसतात.

"सोय नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "पैसा नाही" असा असतो. म्हणून पैशाबद्दलच लिहितो.

कर्नाटकात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंग व्यक्तींसाठी बाजूला काढायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे. नगरपालिका-महानगरपालिकांनाही तेच. त्यांच्या अंदाजपत्रकात 24.10 टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, 7.25 टक्के इतर गरिबांसाठी आणि 5 टक्के अपंगांसाठी, असे तीन आकडे दरवर्षी छापलेले असतात. नगरसेवकांना ते पाठ असतात, आपल्याला नसतात. समजा एखाद्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न 20 लाख रुपये आहे, तर त्यातले 1 लाख या कामाचे. रक्कम फार मोठी नाही, पण अंगणवाडीला उतार बांधायला, एका मुलाची व्हीलचेअर घ्यायला, दुसऱ्याच्या श्रवणयंत्राला पुरेल एवढी नक्की आहे.

मग तो जातो कुठे? माझ्या पाहण्यात तो बहुधा मोठ्या माणसांच्या तीनचाकी सायकलींवर आणि शिलाई मशीनवर जातो. त्यांचीही गरज आहे, तक्रार नाही. पण मोठा माणूस पंचायतीत जाऊन अर्ज देतो, पीडीओला दोनदा आठवण करतो. सहा वर्षांचं पोर जात नाही आणि त्याची आई जायला लाजते. मूल यादीत नसतं, म्हणून पैशातही नसतं. बऱ्याच पंचायतींत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तो स्वतःही अपंगच असतो आणि गावातल्या अशा माणसांची नोंद ठेवणं हेच त्याचं काम. आपल्या किती पाळकांना आपल्या गावच्या व्हीआरडब्ल्यूचं नाव ठाऊक आहे?

दुसरा पैसा शाळेतून येतो. 2018 पासून समग्र शिक्षा नावाची योजना आहे, खर्चाचा वाटा केंद्राचा 60 आणि राज्याचा 40. तीत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. पुस्तकं, साधनं, उपचार, ये-जा करण्याचा भत्ता अशा रूपाने ती मिळते. मुलगी असेल तर त्याशिवाय महिन्याला 200 रुपये, दहा महिने. तालुक्याच्या बीईओ ऑफिसशी जोडलेले विशेष शिक्षकही असतात. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाला घरी जाऊन शिकवणं हेही त्यांचं काम आहे.

इथे आपल्या शाळांची एक गोम आहे. ही तरतूद सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. आपल्या आवारात बहुधा दोन शाळा असतात, एक जुनी अनुदानित आणि शेजारी फी घेऊन चालणारी इंग्रजी माध्यमाची. मूल जुन्या शाळेत असेल तर सरकारी पैसा त्याच्यापर्यंत येऊ शकतो, इंग्रजी शाळेत असेल तर येत नाही आणि भार व्यवस्थापनावर पडतो. दोन्ही शाळा एकाच ट्रस्टच्या असतात, प्रार्थना एकाच मैदानावर होते, पण हिशेब वेगळा. प्रवेशाच्या टेबलावर हे आईला कुणी सांगत नाही.

अनुदानित शाळेतही नुसता प्रवेश दिला म्हणजे झालं असं नाही. शाळा दरवर्षी यूडायसची माहिती भरते, तिची आधारतारीख 30 सप्टेंबर. त्यात मुलाच्या अपंगत्वाचा रकाना रिकामा राहिला तर सरकारच्या लेखी ते मूल धडधाकट आणि त्याच्या वाट्याला काही नाही. हा रकाना कोरा ठेवण्यात आपलाही हात असतो. "पुढे लग्नाला अडचण येईल, नको लिहायला" असं पालकच सांगतात. मी शाळेत शिकवत असताना हे किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही.

अंगणवाडीबद्दल थोडंच. सहा वर्षांखालच्या मुलाचं काही चुकतंय हे पहिल्यांदा अंगणवाडी ताईलाच दिसतं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने अपंग मुलांना अंगणवाडीत कसं ओळखायचं, कसं सामावून घ्यायचं आणि पुढे कुठे पाठवायचं याची पद्धत ठरवून दिली. सरकारी आरोग्य पथकं 2013 पासून अंगणवाड्या-शाळांत तपासणीला येतात. पण आपली बरीच मुलं अंगणवाडी टाळून थेट नर्सरीत जातात आणि ती तीन वर्षं हातची जातात. बोलणं सुधारायचं तर तीच वर्षं महत्त्वाची.

आता अवघड भाग. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. आपण त्याचा आनंद मानला, कारण शाळा आपल्या हातात राहिल्या. त्यावर पुन्हा वाद चालू आहे, तो न्यायालय बघेल. पण या निकालामुळे अपंग मुलाला नाही म्हणायची मुभा मिळाली असं जे समजतात, त्यांनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचावा. सरकारचं अनुदान किंवा नुसती मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, हे पाहणं त्या कायद्याने सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर सोपवलं आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत. आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. (सरकार "दिव्यांग" म्हणतं. नाव गोड झालं, पायरी मात्र तेवढीच उंच आहे.)

भारतातली अंधांची पहिली शाळा मिस ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी 1887 साली अमृतसरला काढली. मुंबईत दुष्काळानंतर 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी अंध मुलं गोळा केली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत आंधळ्या बायका ब्रेल शिकल्या. त्यांना कुठली पंचायत 5 टक्के देत होती? आपण हा वारसा वर्धापनदिनाच्या भाषणात सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हणतो, सोय नाही.

एका शाळेला विशेष शिक्षक परवडत नाही हे मान्य. पण शहरात आपल्या संस्थांच्या, मेथडिस्ट असोत की कॅथलिक, शाळा एक-दोन नाहीत. चार शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवला, आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेतला, तर काय बिघडेल? उपकारस्तुतीच्या दानातला एक हिस्सा त्यासाठी काढता येईल. आम्ही दरवर्षी मंडप आणि जेवणावर किती खर्च करतो ते कमिटीच्या वहीत आहे, इथे लिहीत नाही.

भाषेची अडचण मात्र आपल्याकडची खरी. अर्ज कन्नडमध्ये, ग्रामसभेची नोटीस कन्नडमध्ये, आणि आई मराठी शाळेत सातवी झालेली. पण आपल्या मंडळ्यांतली तरुण मुलं कन्नड शिकून मोठी झाली आहेत. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून नेलं आणि छप्पर उसकटलं, ही गोष्ट ती शब्बाथ शाळेत शिकली आहेत. त्यांनी एका आईबरोबर एक दुपार पीडीओच्या ऑफिसात बसावं.

पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. मुलाचं आणि पालकांचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे जुने कागद बरोबर घ्यावेत. कार्ड आलं की त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना 30 सप्टेंबरच्या आधी आणि एक पंचायतीला अर्जासह द्यावी, पोच घेऊन. पंचायतीचं अंदाजपत्रक मार्चपर्यंत ठरतं, म्हणून त्याआधीच्या वॉर्डसभेत आणि ग्रामसभेत मुलाचं नाव घेऊन मागणी करावी आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली का ते तिथेच वाचून घ्यावं. पैसा कुठे गेला हे कुणी सांगत नसेल तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांच्या 5 टक्क्यांचा हिशेब मागता येतो.