हळदीवर चुन्याची निवळी

"सर, माझ्यावर एक चित्र काढा. पण बघणाऱ्याला मी ओळखू यायला नको."

हा माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला. समलिंगी असल्याचं त्यानं घरी सांगितलंय, भावकीला अजून नाही. आमच्या करमाळ्यात पेठेतून एक चक्कर मारली तरी चार जण विचारतात, "कुणाचा रे तू?" चेहरा काढला असता तर चित्राच्या आधी बातमी झाली असती. म्हणून अमूर्त, कारण इतकं व्यवहारी.

इंद्रधनुषी पट्टे मी टाळले. गिल्बर्ट बेकरनं १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी चळवळीचा तो झेंडा केला तेव्हा त्यात आठ रंग होते. गडद गुलाबी कापड मिळेना म्हणून तो रंग गेला, मग आणखी एक गेला आणि सहा उरले. झेंडा लांबून ओळखू यावा लागतो. मला जवळ येऊन बघायचं काहीतरी करायचं होतं.

जाड कागदाला हळदीचे हात दिले आणि त्यावर चुन्याची निवळी ब्रशनं ओढली. ज्या तालुक्यात केम गावचं कुंकू बनतं तिथं पुढचं सांगायला नको. चुना लागला की हळद लाल होते. लाल रंग मी कुठून आणला नाही, हळदीतूनच वर आला. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आम्ल आणि आम्लारीचा हा खेळ शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवतात.

चित्राची रचना त्यातूनच सुचली. वरच्या भागात लाल फटकारा, तो २ जुलै २००९चा: दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून वगळलं. त्यावर लिंबू, कारण ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मग तिथंच पुन्हा निवळी, ६ सप्टेंबर २०१८ची: त्याच न्यायालयानं ते संबंध पुन्हा गुन्ह्याबाहेर काढले. पण कागद आधीसारखा राहत नाही. तिथं खरखरीत, तपकिरी कडा उरली आहे. मला विचाराल तर चित्रातली सगळ्यात खरी जागा तीच.

"पण यात आहे काय?" असं विचारणारे भेटतातच. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवत, उतरवत. तिथं वस्तू शोधायची नसते, खालचा थर कुठं डोकावतो ते बघायचं. इथंही तेवढंच करावं.

दुसरा शेरा असतो, "आपल्या गावांत हे चालायचं नाही." २०१७ साली आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळकरांनी माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. लिंगओळख आणि लैंगिक कल या वेगळ्या गोष्टी, म्हणून त्यांच्यासाठीचा लाल ठिपका मी फटकाऱ्यापासून दूर ठेवलाय. पण हळद तीच.

खाली वीतभर जागेला चुना लावलेलाच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. नुसती हळद बघितली की आपल्याकडे काय आठवतं ते सांगायला नकोच. पोराच्या आईनं बोट त्याच जागेवर ठेवलं आणि विचारलं, "इथलं कधी करणार?"

हळद उन्हात विटते, म्हणून सावलीतली भिंत बघ असं बजावलं होतं. त्यानं ते खिडकीसमोरच टांगलंय. म्हणतो, "विटली तर या की सर पुन्हा हळद लावायला."