फासे खोटं बोलतात का?

गारखेड्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. सुट्टीत मुलासाठी त्यांनी जुन्या कन्सोलसारखं एक छोटं यंत्र आणलं. त्यात 'फायनल फँटसी' हा 1987 चा मूळ गेम आहे. मुलगा खेळतो, हरतो आणि ओरडतो, "बाबा, हा चीटिंग करतो!" वडील विचारतात, यंत्र खरंच चीटिंग करू शकतं का?

हरलेल्यानं डाव नाकारण्याची गोष्ट फार जुनी आहे, आणि तो डाव आपल्याच जिल्ह्यात दगडात कोरलेला आहे. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिवपार्वती फासे खेळायला बसले आहेत, खाली गण नंदीच्या खोड्या काढत आहेत. पुढे 29 क्रमांकाच्या धुमार लेण्यातही हाच प्रसंग आहे. स्कंदपुराणाच्या केदारखंडात या डावाची कथा येते. शिव चंद्रकोर हरतो, अंगावरचे अलंकार हरतो आणि वर म्हणतो की मी हरलोच नाही, मला कोण हरवणार! वेरूळला जाणारे बहुतेक लोक कैलास पाहून परत फिरतात. या दोन लेण्यांसाठी तासभर जरूर काढावा.

आता गेमकडे येऊ. 'फायनल फँटसी' जपानमध्ये 18 डिसेंबर 1987 रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलसाठी आला. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत, त्या काळात आपल्याकडच्या मुलांनी टीव्हीला जोडलेल्या कॅसेटी मारिओ आणि कॉन्ट्राच्या होत्या. उडी चुकली की मेलात, दोष आपल्या बोटांचा. हा गेम वेगळा. चार जणांची टोळी घेऊन जगभर भटकायचं, शत्रू दिसला की आळीपाळीनं वार करायचे, आणि वार लागला की हुकला हे अदृश्य फासा ठरवणार. बोटं कितीही चपळ असली तरी उपयोग नाही.

मग तो फासा कुठे आहे? कन्सोलची स्मृती 2 किलोबाइट. तेवढ्यात आणि ठरल्या नियमानं चालणाऱ्या यंत्रात खरी यदृच्छा आणायची कुठून? गेमचे प्रोग्रामर नासिर गेबेली यांनी सरळ मार्ग काढला. 256 आकड्यांची एक अस्ताव्यस्त यादी कॅसेटमध्येच भरून ठेवली. खेळाडू पाऊल टाकतो तसं यंत्र यादीत एकेक घर पुढे सरकतं आणि शत्रू भेटणार की नाही ते त्या घरातल्या आकड्यावरून ठरतं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की तीच यादी, तोच क्रम. घड्याळ लावून गेम संपवण्याच्या शर्यती खेळणारे लोक म्हणूनच मुद्दाम यंत्र बंद-चालू करतात. कुठल्या पावलाला कोण भेटणार हे त्यांना पाठ असतं. गेबेली मूळचे इराणचे, अमेरिकेत ॲपल टू संगणकावर नाव कमावून जपानच्या स्क्वेअर कंपनीत गेलेले. 'फायनल फँटसी' मालिकेचं श्रेय सहसा हिरोनोबू साकागुची यांना आणि संगीताबद्दल नोबुओ उएमात्सू यांना दिलं जातं. गेबेलींचं नाव फारसं कुणी घेत नाही. तुटपुंज्या स्मृतीत अख्खं जग बसवणाऱ्या माणसाचं नाव मुलांना आधी सांगावं असं मला वाटतं.

खेळाडूंच्या तक्रारी मात्र खोट्या नव्हत्या. दोघांनी एकाच शत्रूवर नेम धरला आणि पहिल्याच्या वारात तो मेला, तर दुसऱ्याचा वार हवेत फुकट जातो. मार्श केव्ह या गुहेत विषारी शत्रूंचे थवे आहेत आणि आत कुठेही डाव सेव्ह करता येत नाही. तासाभराची मेहनत बाहेर पडण्याच्या दोन पावलं आधी वाया जाते. सगळ्यात गंमत जादूगाराची. त्याची 'बुद्धी' वाढली की मंत्रांची ताकद वाढावी, अशी मांडणी. मूळ गेममध्ये बुद्धीचा मंत्रांवर काहीही परिणाम होत नाही. विशिष्ट शत्रूंवर जास्त चालाव्यात म्हणून ठेवलेल्या तलवारी साध्या तलवारींसारख्याच चालतात. शत्रूला टिपणं सोपं करणारा एक मंत्र उलट त्याला आणखी निसटता करतो. या सगळ्या प्रोग्राममधल्या चुका. पुढे खेळाडूंनीच कॅसेटमधला कोड ओळीओळीनं वाचून त्या शोधल्या, आणि नंतरच्या आवृत्त्यांत बऱ्याच दुरुस्त झाल्या.

म्हणूनच "जुने गेम अवघड होते कारण निर्माते खेळाडूचा कस पाहत" हे हल्ली ऐकू येणारं कौतुक मला पटत नाही. काही अवघडपणा विचारपूर्वक आणलेला होता, काही जागेच्या टंचाईतून आला आणि काही निव्वळ चुकांतून. तिन्हींना एकच हार घालणं हा इतिहास नव्हे.

पण चूक वेगळी आणि चीटिंग वेगळी. तो फासा कुणाच्याच बाजूचा नव्हता. लढाईतून निसटण्याची शक्यता निम्मी असेल तर सलग पाच वेळा न निसटण्याची शक्यता 32 मध्ये 1 येते. गेममध्ये शेकडो लढाया असतात, म्हणजे हे अनेकदा घडणारच. घडलं की डोक्यात बसतं, आणि पहिल्याच झटक्यात निसटलेल्या वेळा मात्र कुणी आठवत नाही.

आणि खरं चीटिंग? तेही झालं आहे, पण ते खेळाडूच्या बाजूनं. 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेत 2002 पासून पडद्यावर दिसणारा टक्का आणि आतला हिशेब वेगळा झाला. मालिकेतल्या बऱ्याच गेममध्ये यंत्र एकाऐवजी दोन आकडे काढतं आणि त्यांची सरासरी धरतं. त्यामुळे पडद्यावर 80 टक्के लिहिलेला नेम प्रत्यक्षात 92 टक्के वेळा लागतो, आणि शत्रूचा 20 टक्क्यांचा नेम जेमतेम 8 टक्के वेळा. हा गेम खेळाडूंना न्याय्य वाटतो. आपल्याला 80 टक्के म्हणजे "जवळपास नक्की" वाटतं, म्हणून निर्मात्यांनी फासाच आपल्या भाबडेपणाला जुळवून घेतला.

इथे मला महाभारताच्या वनपर्वातला नळ आठवतो. जुगारात राज्य गमावून तो अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. दोघे रथातून विदर्भाकडे, नळाची पत्नी दमयंती हिच्या माहेरी निघाले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्ण धावत्या रथातून म्हणाला, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं आहेत. नळानं रथ थांबवला. राजाला उशीर होत होता, तरी हटून बसला, झाड तोडलं आणि फळं मोजली. आकडा जुळला! ऋतुपर्णानं सांगितलं, मला फाशांचं रहस्य येतं आणि मोजणीही. नळानं ती विद्या घेतली, बदल्यात घोड्यांची विद्या दिली, आणि पुढे राज्य जिंकून घेणाऱ्या पुष्कराला हरवून ते परत मिळवलं. त्या काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत, म्हणजे झाडाशी केलेली मोजणी आणि पटावरचा डाव ही एकच विद्या.

तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी 1975 मध्ये संभाव्यतेचा इतिहास लिहिताना ही कथा घेतली. त्यांच्या मते ऋतुपर्णानं एवढीशी डहाळी पाहून अख्ख्या फांदीचा अंदाज बांधला, म्हणजे नमुना पाहणीच, आणि तीही युरोपात या गणिताचा मागमूस नसताना. ही कथा त्यांना कुणी सांगितली तेही हॅकिंग यांनी नोंदवलं आहे: कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे वि. प्र. गोडंबे. मूळचे पुण्याचे विद्याधर प्रभाकर गोडंबे. 1955 च्या निबंधात त्यांनी दाखवून दिलं की मर्यादित समूहातून नमुना घेताना सर्व परिस्थितींत सर्वोत्तम ठरेल असा एकच रेषीय, निःपक्ष अंदाज अस्तित्वातच नसतो. संख्याशास्त्राच्या पायाशीच त्यांनी हात घातला होता. 2016 मध्ये ते गेले. मराठी वाचकाला त्यांचं नावही ठाऊक नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर गारखेड्याच्या वाचकांनी मुलाला एक वही द्यावी. टक्केवारी दाखवणारा कुठलाही गेम घ्यावा आणि 80 टक्क्यांचे 100 नेम धरून प्रत्येकाची नोंद करावी, लागलेला आणि हुकलेला. प्रामाणिक फासा असेल तर लागलेले नेम बहुतेक वेळा 72 ते 88 च्या दरम्यान येतील. 92 च्या आसपास आले, तर गेम त्याच्याशी लबाडी करतोय, आणि ती त्याला जिंकवण्यासाठी. पन्नाशीतच अडकले, तर मुलाचं म्हणणं खरं. मग ती वही घेऊन त्यानं गेमच्या निर्मात्यांना जरूर पत्र लिहावं.