विमान कोणते, यापेक्षा विमान कधी?

अलिबागजवळच्या थळच्या बंदरावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटे दिसतात. २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' चालू होते, तेव्हा बंदरावरच्या गप्पांत मासळीच्या भावाच्या जोडीला राफेल, जे-१० आणि एस-४०० ही नावे आली. जाळे विणणारा हात थांबत नव्हता, पण वादही थांबत नव्हता. एकाला राफेलच हवी होती, दुसरा विचारत होता की आपली तेजस कुठे आहे, आणि तिसऱ्याच्या मते शेवटी रशियाच बरा. मेअखेरीस आपण काही लढाऊ विमाने गमावली, असे संरक्षण दलप्रमुखांनी सिंगापुरात मान्य केले आणि वादाला आणखी धार चढली. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला, तेव्हा तोच वाद नव्याने सुरू झाला.

देशही हाच वाद साठ वर्षे घालत आला आहे. त्याचा मागोवा थळहून घेण्याला कारण आहे. कोणता ताफा श्रेष्ठ, या प्रश्नाची एक परीक्षा याच पाण्यात झाली होती.

१६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठा आरमाराच्या दौलतखानाची चाळीस-पन्नास गलबते इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेली. लहान जहाजे पांगली, 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. पण 'रिव्हेंज' हे एकच मोठे जहाज ठाम उभे राहिले आणि त्याने आपल्या तोफांच्या जोरावर सारा ताफा मागे रेटला. त्या दिवसापुरते बोलायचे तर भारी जहाज जिंकले. तरीही बेट मराठ्यांकडेच राहिले, कारण उथळ पाण्यातून वल्ही मारत जाणारी गलबते रात्री-अपरात्री किनाऱ्यावरून रसद पोहोचवत राहिली. ती तोडणे मोठ्या जहाजाला जमले नाही. लढाईचा दिवस दर्जाने जिंकला, मोसम मात्र संख्येने आणि सातत्याने. हाच खांदेरी किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. त्याच्या नावाची पाणबुडी नौदलात आहे.

आता आकाशाकडे वळू. १७ जून १९६१ ला कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने आखलेले 'मरुत' उडाले. भारतात विकसित झालेले हे पहिले जेट लढाऊ विमान. सांगाडा देखणा होता, पण त्याला साजेसे इंजिन कधीच मिळाले नाही. १९७१ च्या युद्धात मरुत लढले, सुमारे दीडशे बनले आणि १९९० मध्ये इतिहासजमा झाले. बोट सुरेख आणि इंजिन अशक्त, म्हणजे काय होते, ते थळच्या कुणाही नाखव्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच दशकात मिग-२१ आले आणि महाराष्ट्र या कथेत शिरला. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ चे अनेक नमुने तिथे जुळले, पुढे मिग-२७ आणि मग सुखोई-३०. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग-२१ नी अचूक मारा केला आणि या विमानाने नाव कमावले. स्वस्त, वेगवान आणि घरच्या कारखान्यात तयार होणारे हे विमान त्या काळाला चपखल होते. त्याची चूक नव्हती. चूक होती ते कधी थांबवायचे, हे न ठरवण्यात.

वायुसेनेच्या निर्णयकक्षांत मराठी माणसे वेळोवेळी होती. १९७६ ते १९७८ या काळात वायुसेनाप्रमुख असलेले हृषीकेश मुळगावकर मूळ मुंबईचे. त्यांच्या कारकिर्दीत शत्रूच्या प्रदेशात खोलवर मारा करणाऱ्या विमानाचा शोध चालला. ब्रिटिश-फ्रेंच जग्वार, फ्रेंच मिराज एफ-१ आणि स्वीडनचे विगेन असे तीन पर्याय होते. विगेनच्या इंजिनात अमेरिकी तंत्रज्ञान होते, म्हणून अमेरिकेने विक्रीला नकार दिला. १९७८ मध्ये जग्वार ठरले. इंजिन दुसऱ्याचे असेल तर निर्णयही दुसऱ्याचाच, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आपण तो लिहून घेतला, गिरवला नाही.

१९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजेच पुढच्या तेजसचा, प्रकल्प मंजूर झाला. ते ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडाले आणि १ जुलै २०१६ ला त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. 'कावेरी' हे त्याच्यासाठीचे देशी इंजिन २००८ मध्ये विमानापासून वेगळे काढावे लागले. दरम्यान १९८५ मध्ये मिराज-२००० आले, १९८७ मध्ये मिग-२९. कारगिलच्या वेळी अनिल यशवंत टिपणीस वायुसेनाप्रमुख होते. तिथल्या शिखरांवर मिराजने लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले, तेव्हा पटले की थोडी चांगली विमानेही मोठे काम करतात. थळच्या भाषेत सांगायचे, तर तो 'रिव्हेंज'चा दिवस होता.

पण उणीव आपल्या अंगणातच होती. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष वैमानिकावर टाकला गेला, तो त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मान्य केला नाही आणि मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशासमोर मांडला. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधली बावीस वर्षे तरुण मुले साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर जात होती. २०१२ मध्ये संसदेत सांगण्यात आले, की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाली आणि १७१ वैमानिक गेले. 'उडती शवपेटी' हा शब्द वृत्तपत्रांनी वापरला, तो या आकड्यांमुळे. त्यात विमानाचा वाटा किती आणि दिरंगाईचा किती, याची फोड कुणी केली नाही.

पुण्याच्या लोहगाव तळावर १९९७ मध्ये सुखोई-३० उतरले. पुढे ओझरला परवान्याने ही विमाने बनू लागली आणि हेच आज वायुसेनेचा कणा आहे. तरी जुन्या मिगची जागा भरायची होतीच. त्यासाठी ऑगस्ट २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली. सहा कंपन्या उतरल्या. राफेल, टायफून, एफ-१६, एफ-१८, मिग-३५ आणि ग्रिपेन. नागपूरचे प्रदीप वसंत नाईक वायुसेनाप्रमुख असताना चाचण्या झाल्या. ३१ जानेवारी २०१२ ला राफेल निवडले गेले, मग किमतीवर आणि अटींवर घोडे अडले. २०१५ मध्ये जुनी निविदा गुंडाळून थेट ३६ विमाने घेण्याचे ठरले. २३ सप्टेंबर २०१६ ला संरक्षणमंत्री म्हणून गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी करारावर सही केली. किमतीवरून राजकीय रान पेटले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. पहिली पाच राफेल २९ जुलै २०२० ला अंबाल्याला आली. १२६ ऐवजी ३६, आणि तेरा वर्षे.

त्यानंतरचा क्रम वाचकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए ची मागणी नोंदवली, पण इंजिने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून वेळेवर आली नाहीत. मार्च २०२४ मध्ये पाचव्या पिढीच्या स्वदेशी विमानाच्या विकासाला मंजुरी मिळाली, तेव्हा वायुसेनाप्रमुख होते नांदेडकडचे विवेक राम चौधरी. २५ सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार झाला. दुसऱ्याच दिवशी मिग-२१ गेले आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या जागी हाती उरल्या २९.

साठ वर्षांचा हा वाद चाळला, तर एक गोष्ट खटकते. आपण नेहमी 'कोणते?' यावर भांडलो, 'कधी?' यावर फार थोडे. मुळगावकरांपासून चौधरींपर्यंत, प्रत्येक प्रमुखाच्या काळात निवड बहुतेक वेळा चांगलीच होती. जग्वार, मिराज, सुखोई, राफेल, यांतले एकही विमान वाईट नव्हते. पण अनेकांचा पाठपुरावा अर्धवट राहिला. मिराजची संख्या पन्नाशीच्या आसपासच राहिली, राफेल ३६ वर थांबले. एका ताफ्यात पाच-सहा जातींची विमाने म्हणजे पाच-सहा प्रकारचे सुटे भाग, शस्त्रे आणि प्रशिक्षण. एका बंदरात प्रत्येक होडीला वेगळ्या कंपनीचे इंजिन असावे आणि मिस्त्री एकच असावा, तशी ही गत.

ड्रोन आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आल्यावर वैमानिकासह उडणाऱ्या विमानाचे दिवस भरले, असेही आता म्हटले जाते. ते मला पटत नाही. ड्रोनने संख्येचे महत्त्व उलट वाढवले आहे. महागडे विमान 'रिव्हेंज'सारखे दिवस जिंकून देईल. खांदेरीची रसद चालू ठेवायला मात्र पुष्कळ, वेळेवर येणारी, स्वतःला दुरुस्त करता येणारी गलबतेच लागतील.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरमध्ये जुळलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. तिथे वर्षाला आठ विमाने बनवण्याची सोय आहे, बंगळुरूत सोळा. मागणी १८० ची आहे. इंजिने वेळेवर आली आणि एकही महिना वाया गेला नाही, तरी ती पुरी व्हायला साडेसात वर्षे लागतील.