इचलकरंजीचा यंत्रमाग उद्योग

इचलकरंजीचा यंत्रमाग उद्योग हा महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात व त्याच्या परिसरात एकवटलेला, मुख्यतः लहान कारखान्यांच्या स्वरूपातील वस्त्रोद्योग आहे. या उद्योगामुळे शहराला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ असे संबोधले जाते. एकाच व्यवसायातील अनेक घटक एका ठिकाणी एकत्र आल्याने उद्योग व स्थानिक बाजारपेठ कशी घडते, याचे हे ठळक उदाहरण मानता येते.

स्थान

इचलकरंजी हे कोल्हापूरच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर, पंचगंगा नदीच्या काठी वसलेले आहे. हा परिसर उसाचा आहे. राज्यातील कापूस मुख्यतः विदर्भ, मराठवाडा व खानदेशात पिकतो. शहरात रेल्वे स्थानक नाही. जवळचे स्थानक हातकणंगले हे होय. म्हणजेच कच्चा माल किंवा वाहतुकीची खास सोय यांमुळे हा उद्योग येथे वाढला, असे म्हणता येत नाही.

उगम व वाढ

संस्थानी काळात इचलकरंजी ही घोरपडे घराण्याची जहागीर होती. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदारांच्या प्रोत्साहनामुळे इतरांनीही हा व्यवसाय स्वीकारला. सुरुवातीच्या काळात येथे प्रामुख्याने सुती साड्या विणल्या जात. पुढे धोतर, पॉपलीन इत्यादी कापडाचे उत्पादन वाढले. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील कापड गिरण्यांना उतरती कळा लागली आणि यंत्रमाग केंद्रांचे महत्त्व वाढले.

कामाची विभागणी

कापड तयार होण्याचे टप्पे येथे वेगवेगळ्या व्यावसायिकांत विभागलेले आहेत. ताण्याच्या सुताला सायझिंग कारखान्यात खळ लावून ते बिमावर गुंडाळले जाते. वहिफणी कामगार ताण्याचा एकेक धागा वही व फणी यांतून ओवून घेतात. बाण्याचे सूत कांडीवर भरले जाते व ती कांडी धोट्यात बसवली जाते. मागाची जोडणी व दुरुस्ती जॉबर पाहतो, तर तयार कापडाची तपासणी व घडी यांसाठी स्वतंत्र कामगार असतात. विणकरांमध्ये स्थानिकांबरोबरच कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशा येथून आलेल्यांचाही समावेश आहे.

अनेक मागधारक ‘खर्चीवाले’ म्हणून ओळखले जातात. माग त्यांचे असतात, परंतु सूत व्यापाऱ्याचे असते. कापडातील बाण्याच्या धाग्यांची संख्या, म्हणजेच ‘पीक’, विचारात घेऊन त्यांना मीटरमागे मजुरी मिळते.

एकत्रीकरणाचे लाभ

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात उद्योगांच्या स्थानिक एकत्रीकरणाचे तीन प्रमुख लाभ मांडले : कसबी कामगारांची उपलब्धता, पूरक व्यवसायांची वाढ आणि ज्ञानाचा सहज प्रसार. इचलकरंजीत हे तिन्ही आढळतात. नवा मागधारक मोजक्या मागांवर व्यवसाय सुरू करू शकतो. कारण सायझिंगचा कारखाना त्याला स्वतः उभारावा लागत नाही. मागाचा एखादा भाग मोडल्यास तो शहरातच मिळतो, त्यामुळे माग फार काळ बंद राहत नाही. मागात केलेली सुधारणा शेजारच्या कारखानदाराच्याही लवकर लक्षात येते. व्यापाऱ्यालाही एकाच बाजारपेठेत विविध प्रकारचे कापड पाहता येते. त्यामुळे खरेदीदार येथे येतात आणि खरेदीदार येतात म्हणून आणखी उत्पादक येथेच व्यवसाय थाटतात. उद्योग सुरू होण्याची मूळ कारणे मागे पडली तरी त्याचे स्थान सहसा बदलत नाही, ते याच परस्परावलंबनामुळे.

मर्यादा व समस्या

ज्या जवळिकीमुळे उद्योग वाढतो, तिच्यामुळेच संकटही सर्वत्र एकाच वेळी पोहोचते. सुताच्या दरातील चढउतार, विजेची दरवाढ किंवा कापडाला उठाव नसणे यांचा फटका मागधारकांबरोबर सायझिंग, कांडी व वाहतूक व्यवसायांनाही बसतो. व्यापाऱ्यापुढे अनेक खर्चीवाले उपलब्ध असल्याने मजुरीचा दर ठरवताना लहान मागधारकाची बाजू दुबळी राहते. माग बंद पडल्यास कर्जाचे हप्ते त्यालाच भरावे लागतात, तर कामगाराची त्या दिवसांची मजुरी बुडते.

येथील बरेच कापड कोऱ्या स्वरूपात बाहेर जाते. रंगाई, छपाई व शिलाई अन्यत्र झाल्यास त्यांतून होणारी मूल्यवृद्धी आणि रोजगारही त्या ठिकाणी जातो. धोटाविरहित आधुनिक माग अधिक वेगाने व सुबक कापड विणतात. मात्र त्यांना लागणारे भांडवल साध्या मागधारकाच्या आवाक्यात नसते.

नदीकाठावरील स्थानाचा परिणामही दुहेरी आहे. कापडावरील प्रक्रियेसाठी पाणी लागते, पण प्रक्रिया उद्योगाचे सांडपाणी हे पंचगंगेच्या प्रदूषणाचे एक कारण आहे. परिसरातील इतर शहरांचे मैलापाणीही नदीत मिसळते. त्यामुळे शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी अन्य नद्यांवर विसंबण्याची वेळ आली असून, त्या नद्यांच्या काठावरील गावांशी पाण्याच्या वाटपावरून वाद निर्माण झाले आहेत.