प्रिंटर स्वस्त, शाई महाग

घरगुती इंकजेट प्रिंटर अल्प किमतीस विकावा आणि नफ्याची सारी मदार शाईवर ठेवावी, हा या व्यवसायाचा जुना शिरस्ता असल्यामुळे, नव्या कार्ट्रिजांची किंमत ऐकून ग्राहक थक्क झाला तर नवल नाही. लहान कार्ट्रिजमध्ये शाई बहुधा दहा मिलिलीटरांहूनही कमी असते. आणि तीही सर्वस्वी कागदावर उतरते असे नाही, कारण केसाहून बारीक छिद्रांत ती वाळून बसू नये म्हणून यंत्र शुद्धीकरणाच्या निमित्ताने तिचा काही अंश आतल्या शोषकात बिनदिक्कत सोडून देते. त्यातून, पिवळी शाई संपली म्हणून काळ्या अक्षरांतला साधा अर्ज छापण्यासही नकार देणारी काही यंत्रे आहेत. ही अरेरावी मला सर्वांत अधिक खटकते.

कार्ट्रिजवरील इवलीशी चिप परक्या शाईस मज्जाव करते, तो मामला निराळाच. विकलेल्या कार्ट्रिजवर पेटंटचा हक्क शिल्लक राहत नाही, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात २०१७ साली दिला खरा. परंतु चिपचा पहारा त्यामुळे उठला नाही.

ज्यांची छपाई नियमित, त्यांनी शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा. त्याच्या एका बाटलीत ६५-७० मिलिलीटर शाई येते. क्वचित एखादे तिकीट वा आधारची प्रत काढणाऱ्यांनी मात्र कृष्णधवल लेझर यंत्रच पत्करावे, कारण टोनर ही मुळातच कोरडी पूड असल्याने महिनोन्‌महिने पडून राहिली तरी वाळण्याची धास्ती नसते.